रिकामा प्रोसेसर खरंच झोपलाय का? टर्मिनलवरून तपासायची रीत

लॅपटॉपवर एक एडिटर उघडा आहे, ब्राउझर बंद आहे, आणि 'टॉप' कमांड सांगतेय की प्रोसेसर 98 टक्के रिकामा आहे. तरी पंखा फिरतोय, खालची बाजू कोमट लागतेय आणि बॅटरी डोळ्यांदेखत उतरतेय. अशा वेळी बहुतेक जण प्रोसेसर किती मेगाहर्ट्झवर चाललाय ते बघायला जातात. तिथे 2800 दिसलं की गव्हर्नर, म्हणजे वेग कसा ठरवायचा याचं धोरण, बदलतात, कमाल वेग खाली ओढतात. मशीन हळू होतं, बॅटरी मात्र पूर्वीइतकीच चालते.

रिकाम्या प्रोसेसरच्या बाबतीत मेगाहर्ट्झचा प्रश्न गौण असतो. काम नसलेला कोअर, म्हणजे प्रोसेसरमधलं एक स्वतंत्र गणनायंत्र, थांबलेला असतो. थांबल्यावर त्याने आपला किती भाग बंद केला आणि न उठता किती वेळ तसा राहिला, यावर वीज वाचते. 'टॉप'चे 98 टक्के एवढंच सांगतात की काम नव्हतं. त्या रिकाम्या वेळेत कोअर डुलकी घेत होता की गाढ झोपला होता, हे 'टॉप'ला ठाऊक नसतं. ते कसं शोधायचं, हा या लेखाचा विषय. संदर्भ लिनक्सचा आणि मुख्यतः इंटेल प्रोसेसरचा आहे. कमांड आणि फाइलींची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप करताना ती नेहमीसारखी इंग्रजी अक्षरांत टाकायची.

वेग आणि झोप

वीज वाचवायच्या दोन वाटा आहेत. पहिली वेगाची. सर्किट काम करताना जी वीज खातं ती फ्रिक्वेन्सीच्या पटीत वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. वेग वाढवायचा तर बहुधा व्होल्टेजही वाढवावं लागतं, म्हणून वरच्या टोकाचे शेवटचे काहीशे मेगाहर्ट्झ फार महाग पडतात. वेगाच्या या पायऱ्यांना पी-स्टेट म्हणतात. दुसरी वाट झोपेची. तिच्या पायऱ्या म्हणजे सी-स्टेट.

सी0 म्हणजे जागा, काम चालू. सी1 ही डुलकी: कोअरचं घड्याळ थांबतं, बाकी सगळं जागच्या जागी असतं, हाक मारली की लगेच उठतो. सी3 मध्ये कोअर स्वतःच्या कॅश, म्हणजे जवळच्या छोट्या वेगवान मेमरी, रिकाम्या करतो. सी6 ही गाढ झोप: कोअरची सगळी स्थिती एका वेगळ्या छोट्या मेमरीत ठेवली जाते आणि कोअरचा वीजपुरवठाच तोडला जातो. इंटेलने 2008 साली नेहलेम प्रोसेसरमध्ये प्रत्येक कोअरचा पुरवठा वेगवेगळा तोडायची सोय आणली, तेव्हापासून ही पायरी रोजच्या वापरात आली. ती महत्त्वाची का, तर नुसतं घड्याळ थांबवलं तरी ट्रान्झिस्टरमधून वीज झिरपत राहते. पुरवठा तोडला की तेही थांबतं.

गाढ झोपेतून उठायला वेळ लागतो, आणि झोपायला-उठायलाही वीज खर्च होते. म्हणून प्रत्येक पायरीला दोन आकडे जोडलेले असतात: उठायला लागणारा वेळ, आणि झोप परवडायची असेल तर किमान किती वेळ झोपलं पाहिजे. लिनक्सच्या 'इंटेल आयडल' ड्रायव्हरमध्ये स्कायलेक लॅपटॉप प्रोसेसरसाठी लिहिलेले आकडे बघा. सी1 मधून उठायला 2 मायक्रोसेकंद लागतात. सी6 मधून 85 लागतात, आणि तिथे किमान 200 मायक्रोसेकंद झोपलं तरच फायदा. सगळ्यात खोल सी10 ला उठायला 890 आणि किमान मुक्काम 5000, म्हणजे 5 मिलिसेकंद.

हे 5 मिलिसेकंद लक्षात ठेवा, त्यातून बराच उलगडा होतो. पूर्वी लिनक्स कर्नल, म्हणजे सिस्टमचा गाभा, काम असो-नसो, ठरावीक वेळाने प्रत्येक कोअरला उठवायचा. ही टिकटिक सेकंदाला 250 वेळा असली तर दोन टिकांत अंतर 4 मिलिसेकंदांचं. म्हणजे कोअर अगदी रिकामा असला तरी सी10 त्याला कधीच परवडणार नाही! 2007 साली 2.6.21 या आवृत्तीपासून रिकाम्या कोअरची टिकटिक थांबवायची सोय येऊ लागली. पण कर्नलने सोडलेली ही खोड एखादा प्रोग्रॅम पुन्हा लावू शकतो. दर 4 मिलिसेकंदांनी 'काही नवीन आलं का' बघणारा प्रोग्रॅम 'टॉप'मध्ये अर्धा टक्काही दिसत नाही, पण तो ज्या कोअरला उठवतो त्याची गाढ झोप मोडतो.

आधी नुसत्या फाइली वाचा

काहीही इन्स्टॉल न करता बरंच कळतं. कर्नल ही सगळी माहिती '/सिस/डिव्हायसेस/सिस्टम/सीपीयू' या फोल्डरमध्ये मांडून ठेवतो. त्यात 'सीपीयू0', 'सीपीयू1' अशी प्रत्येकाची खोली असते, आणि आत 'सीपीयूफ्रीक' हे वेगाचं व 'सीपीयूआयडल' हे झोपेचं फोल्डर.

वेगाच्या फोल्डरमध्ये 'स्केलिंग कर फ्रीक' नावाची फाइल असते. 'कॅट' कमांडने वाचली की किलोहर्ट्झमध्ये आकडा येतो. 2800000 म्हणजे 2.8 गिगाहर्ट्झ. या आकड्यावर फार भिस्त ठेवू नका. झोपलेल्या कोअरला त्या क्षणी वेग नसतोच, त्यामुळे तिथे दिसतं ते एक तर शेवटचं मोजमाप किंवा ठरवून दिलेला आकडा. शिवाय काही कर्नल आवृत्त्यांत ही फाइल वाचणं म्हणजे त्या कोअरला उठवून 'तुझा वेग किती' असं विचारणं. 'वॉच' कमांडने सेकंदाला दहा वेळा सगळ्या कोअरचे मेगाहर्ट्झ बघत बसलात तर तुम्हीच त्यांची झोपमोड करत असता, आणि दिसणारा वेग बराचसा तुमच्याच कमांडमुळे आलेला असतो.

'स्केलिंग गव्हर्नर'मध्ये 'पॉवरसेव्ह' दिसलं म्हणून दचकू नका. 'इंटेल पी-स्टेट' ड्रायव्हर आपल्या नेहमीच्या पद्धतीने चालत असेल तर पॉवरसेव्ह म्हणजे 'काम असेल तसा वेग कमी-जास्त करा'. जुन्या सर्वसाधारण ड्रायव्हरमध्ये त्याच नावाचा गव्हर्नर वेग किमान पातळीला खिळवून ठेवायचा, तिथून हा गैरसमज आला आहे. 2015 च्या स्कायलेकपासून तर वेग ठरवायचं बरंचसं काम प्रोसेसर स्वतःच करतो, कर्नल फक्त कल सांगतो.

खरी मजा झोपेच्या फोल्डरमध्ये आहे. तिथे 'स्टेट0', 'स्टेट1' अशा उतरंडीने पायऱ्या असतात. प्रत्येकीत 'नेम', 'लेटन्सी', 'रेसिडेन्सी', 'यूसेज', 'टाइम' या फाइली. मगाशी सांगितलेले दोन आकडे म्हणजे यातले लेटन्सी आणि रेसिडेन्सी. यूसेज म्हणजे ही पायरी किती वेळा निवडली गेली, टाइम म्हणजे तिथे एकूण किती मायक्रोसेकंद गेले. सगळ्या एकदम बघायच्या तर 'ग्रेप', मग एक टिंब, मग 'स्टेट'पुढे तारा टाकून फाइलचा पत्ता द्या. नाव आणि आकडा शेजारीशेजारी येतो. हे आकडे मशीन सुरू झाल्यापासूनचे असतात, तेव्हा दहा सेकंदांच्या अंतराने दोनदा वाचून वजाबाकी करायची.

'स्टेट0'चं नाव बहुधा 'पोल' असतं. ती झोप नाहीच, कोअर जागाच गोल गोल फिरत वाट बघतो. तिथला वेळ नगण्य असायला हवा. बऱ्यापैकी नव्या कर्नलमध्ये 'अबव्ह' आणि 'बिलो' अशाही दोन फाइली असतात, आणि त्यांच्याकडे फार कमी लोक बघतात. 'अबव्ह' म्हणजे ही पायरी निवडली पण झोप ठरल्यापेक्षा लवकर मोडली. 'बिलो' म्हणजे झोप इतकी लांबली की याहून खोल पायरी परवडली असती. खोल पायऱ्यांचा 'अबव्ह' भराभर वाढत असेल तर कोणीतरी वारंवार उठवतंय, हे नक्की.

टर्बोस्टॅट: मोजमापाचं खरं हत्यार

वरचे यूसेज आणि टाइम म्हणजे कर्नलने काय मागितलं त्याची नोंद. प्रोसेसरने खरंच काय केलं, ती वेगळी गोष्ट. हा फरक दाखवणारं हत्यार म्हणजे 'टर्बोस्टॅट'. इंटेलच्या लेन ब्राउन यांनी ते लिहिलं आणि ते कर्नलच्या सोर्सबरोबरच येतं. फेडोरात 'कर्नल-टूल्स' पॅकेजमध्ये, डेबियनमध्ये 'लिनक्स-सीपीयूपॉवर'मध्ये, उबुंटूत 'लिनक्स-टूल्स'मध्ये मिळतं. ते प्रोसेसरच्या आतले मोजणी-रजिस्टर वाचतं, म्हणून 'सुडो' (रूटचे, म्हणजे प्रशासकाचे अधिकार) लागतं.

ते मोजतं कसं, हे एकदा समजलं की सगळे स्तंभ सोपे होतात. प्रोसेसरमध्ये तीन मोजणीयंत्रं असतात. टीएससी हे ठरावीक वेगाने अखंड मोजतं, कोअर झोपला तरी थांबत नाही. एमपर्फ हे त्याच ठरावीक वेगाने मोजतं, पण फक्त कोअर जागा असताना. एपर्फ हेही जागेपणीच मोजतं, पण त्या क्षणी असलेल्या खऱ्या वेगाने.

आता हिशेब करू. समजा ठरावीक वेग 2000 मेगाहर्ट्झ आहे आणि आपण 5 सेकंद बघितलं. टीएससी 1,000 कोटींनी वाढला. एमपर्फ 50 कोटींनी वाढला, म्हणजे कोअर 5 टक्के वेळ जागा होता. एपर्फ 75 कोटींनी वाढला. एमपर्फच्या दीडपट, म्हणजे जागा होता तेव्हा 3000 मेगाहर्ट्झने पळाला. आणि 75 कोटी भागिले 5 सेकंद, म्हणजे सरासरी 150 मेगाहर्ट्झ. टर्बोस्टॅटमध्ये 'बिझी टक्के' खाली 5, 'बिझी मेगाहर्ट्झ' खाली 3000 आणि 'अ‍ॅव्हरेज मेगाहर्ट्झ' खाली 150 असं दिसेल.

वेग दाखवणारी बरीच साधनं यातला फक्त 3000 दाखवतात आणि माणूस घाबरतो. वास्तविक हा कोअर व्यवस्थित वागतोय: पटकन उठला, काम उरकलं, 95 टक्के वेळ झोपला. काम चटकन संपवून लवकर झोपणं बऱ्याचदा रेंगाळत काम करण्यापेक्षा स्वस्त पडतं. नेहमीच पडतं असं नाही, कारण व्होल्टेजचा वर्ग आडवा येतो. पण नुसता बिझी मेगाहर्ट्झ बघून निकाल देऊ नये, हे नक्की.

पुढचे स्तंभ झोपेचे, आणि तिथे नावांत गल्लत होते. 'सी6 टक्के' म्हणजे कर्नलने सी6 मागून किती टक्के वेळ गेला. 'सीपीयू टक्के सी6' म्हणजे प्रोसेसरच्या स्वतःच्या मोजणीप्रमाणे कोअर प्रत्यक्ष किती टक्के वेळ त्या झोपेत होता. पहिला 90 आणि दुसरा 40 असेल तर मागणी आणि पुरवठा जुळत नाहीये. हायपरथ्रेडिंगमध्ये एका कोअरवर दोन थ्रेड असतात; दोघंही झोपले तरच कोअर झोपतो. एक थ्रेड सारखा चुळबुळत असेल तर दुसऱ्याने गाढ झोप मागून काही मिळत नाही. म्हणूनच कोअरचे आकडे प्रत्येक कोअरच्या एकाच ओळीत छापलेले असतात, जोडीदार थ्रेडच्या ओळीत ती जागा रिकामी दिसते. सगळ्यात वरची, आडव्या रेघेने सुरू होणारी ओळ म्हणजे पूर्ण मशीनची बेरीज-सरासरी.

वापरायची पद्धतही महत्त्वाची. नुसतं टर्बोस्टॅट चालवलं की दर 5 सेकंदांनी आकडे येतात. मी सुचवेन की 'टर्बोस्टॅट स्लीप 30' असं चालवा आणि मशीनला हात लावू नका. ते सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा मोजतं, मधले 30 सेकंद त्याचा त्रास होत नाही. या पद्धतीत आकडे स्टँडर्ड एररवर, म्हणजे चुकांच्या संदेशांसाठी असलेल्या वेगळ्या वाटेने, जातात, त्यामुळे पाइपने 'ग्रेप'कडे पाठवलेत तर गाळले जात नाहीत. फाइलमध्ये हवे असतील तर 'आउट' हा पर्याय द्यायचा.

सगळे कोअर झोपले, तरी घर जागंच

इथे बहुतेकांची गाडी अडते. कोअर झोपले तरी प्रोसेसरच्या चिपमध्ये सामायिक कॅश, मेमरी कंट्रोलर, आतली जोडणी असं बरंच काही उरतं. ते बंद होणं म्हणजे पॅकेज सी-स्टेट. टर्बोस्टॅटमध्ये ते 'पॅकेज टक्के पीसी2', 'पीसी3', 'पीसी6' आणि लॅपटॉपमध्ये पुढे 'पीसी8', 'पीसी10' असे दिसतात. कोअर 95 टक्के सी7 मध्ये (सी6 च्या पुढची पायरी), पण पॅकेज मात्र पीसी2 किंवा पीसी3 ला अडकलेलं आणि त्यापुढे सगळे शून्य, हे चित्र नीट ओळखा. काम शून्य असूनही कोमट राहणाऱ्या लॅपटॉपमागे अनेकदा हेच असतं.

पॅकेज झोपायला फक्त कोअरची संमती पुरत नाही. ग्राफिक्स, एसएसडी, वायफाय कार्ड, कार्ड रीडर, यूएसबी उपकरणं या सगळ्यांनी 'मला सध्या मेमरी नको, आणि उत्तराला थोडा उशीर झाला तरी चालेल' असं म्हणायला लागतं. एकाने नाही म्हटलं की सगळं पॅकेज जागं. पीसीआय एक्स्प्रेस जोडणीची स्वतःची वीजबचत, एएसपीएम, बंद असली तर हेच होतं. 'एलएसपीसीआय' कमांडला 'सुडो'सह दोन व्ही देऊन चालवा आणि प्रत्येक उपकरणाच्या 'लिंक कंट्रोल' ओळीत एएसपीएम चालू आहे की बंद ते बघा. स्क्रीन चालू असतानाही अनेक लॅपटॉपना सगळ्यात खोल पायरी मिळत नाही, तेव्हा पीसी10 शून्य दिसला म्हणून लगेच बिघाड समजू नका. स्क्रीन बंद होऊ द्या आणि पुन्हा मोजा.

गुन्हेगार शोधायला 'पॉवरटॉप' उपयोगी. इंटेलमधून 2007 साली आलेलं हे साधन कोण सेकंदाला किती वेळा उठवतंय त्याची यादीच देतं. त्याचा 'ट्युनेबल्स' हा भाग उपकरणांच्या वीजबचतीची बटणं समोर ठेवतो. 'ऑटो-ट्यून' देऊन सगळी एकदम चालू करायचा मोह टाळा. यूएसबी माउस आणि कीबोर्ड दोन सेकंदांत झोपायला लागतात आणि नेमकं कोणत्या बटणाने फरक पडला तेही कळत नाही. एक बटण चालू करा, अर्धा मिनिट टर्बोस्टॅट चालवा, पॅकेजचे स्तंभ बघा, मग पुढचं. पीसी3 वरून एकदम पीसी8 ला उडी मारलेली दिसली की तेच उपकरण.

शेवटी पुरावा वॅटचाच. टर्बोस्टॅटचा 'पॅकेज वॅट' स्तंभ पुरेसा आहे. स्वतः मोजायचं असेल तर '/सिस/क्लास/पॉवरकॅप' मधल्या 'इंटेल-रॅपल:0' फोल्डरमधली 'एनर्जी यूजे' फाइल दोनदा वाचा. आकडा मायक्रोज्यूलमध्ये असतो. दहा सेकंदांत तो 6,20,00,000 ने वाढला तर 62 ज्यूल, म्हणजे 6.2 वॅट. ही फाइल पूर्वी कोणालाही वाचता यायची; 2020 मध्ये प्लॅटिपस या हल्ल्यातून दिसलं की विजेच्या या बारीक नोंदींवरून गुप्त किल्ल्याही काढता येतात, तेव्हापासून ती फक्त रूटला वाचता येते. मशीन गरम होऊन थंड व्हायला वेळ लागतो, म्हणून बदलाआधीचा आणि नंतरचा आकडा सारख्याच परिस्थितीत घ्या: चार्जर काढलेला, स्क्रीनचा उजेड तोच, तेच प्रोग्रॅम उघडे.

एएमडीच्या प्रोसेसरवर टर्बोस्टॅटचे वेगाचे आणि वॅटचे स्तंभ मिळतात, पॅकेज झोपेचे इंटेलसारखे मिळत नाहीत. रास्पबेरी पायवर टर्बोस्टॅट चालत नाही. तिथे 'व्हीसीजेनकमांड'ला 'मेझर क्लॉक आर्म' देऊन वेग, आणि 'गेट थ्रॉटल्ड' देऊन व्होल्टेज कमी पडलं का ते कळतं. मॅकवर 'पॉवरमेट्रिक्स' आहे. भाड्याच्या व्हर्च्युअल मशीनवर मात्र यातलं फारसं काही करू नका, खरा प्रोसेसर तुमच्या हातात नसतो.

झोप नको असेल तर

उलटी गरजही असते. ध्वनिमुद्रण करणाऱ्याला किंवा झटपट उत्तर द्यायच्या सर्व्हरला 890 मायक्रोसेकंद उठण्यात घालवणं परवडत नाही. म्हणून लिनक्समध्ये '/डेव्ह/सीपीयू डीएमए लेटन्सी' ही फाइल आहे. एखादा प्रोग्रॅम ती उघडून त्यात मायक्रोसेकंदांची मर्यादा लिहितो, आणि फाइल उघडी ठेवतो तोवर कर्नल त्याहून हळू उठणारी पायरी निवडत नाही. शून्य लिहिलं तर झोप जवळजवळ बंदच. 'ट्यून्ड' सेवेचं 'लेटन्सी-परफॉर्मन्स' प्रोफाइल याच मार्गाने चालतं. तेव्हा खोल पायऱ्यांचे यूसेज अजिबात हलत नसतील तर 'सुडो एलएसओएफ' देऊन ही फाइल कोणी धरून ठेवलीय ते आधी बघा. कर्नलच्या बूट ओळीत कधीकाळी टाकलेलं 'इंटेल आयडल मॅक्स सी-स्टेट = 1' राहून गेलंय का, तेही '/प्रॉक/सीएमडीलाइन' वाचून तपासा. बे ट्रेल प्रोसेसरचे लॅपटॉप लिनक्सवर गोठायचे तेव्हा हा उपाय सर्रास सांगितला जायचा, आणि तो नव्या मशीनवरही नकळत उतरवला जातो.

तात्पुरता प्रयोग करायचा तर 'सीपीयूपॉवर आयडल-सेट'ला मोठा डी आणि पुढे 50 द्या. उठायला 50 किंवा जास्त मायक्रोसेकंद लागणाऱ्या सगळ्या पायऱ्या बंद होतील. तुमच्या प्रोग्रॅमचा उशीर आणि पॅकेज वॅट दोन्ही मोजा, मग मोठा ई देऊन पायऱ्या पुन्हा सुरू करा. विसरलात तरी रीबूट केल्यावर त्या आपोआप सुरू होतात.